जागा 'रिकामी' कुणी ठरवायची?

संशोधनासाठी विषय शोधताय? मग न्यूयॉर्कच्या सामुदायिक बागांची ही गोष्ट वाचा. मी विज्ञान शाखेची, त्यामुळे बाग म्हटलं की मी आधी माती बघणार. पण या इतिहासात बागेचं आयुष्य मातीपेक्षा कराराने ठरवलं.

१९७० च्या दशकात शहर आर्थिक संकटात होतं. कर थकवून मालकांनी सोडून दिलेल्या अनेक जागा पालिकेकडे आल्या. तिथे राडारोडा आणि कचरा साचला. १९७३ मध्ये लिझ क्रिस्टी आणि तिच्या 'ग्रीन गेरिलाज' गटाने मॅनहॅटनमधला असाच एक भूखंड साफ करून बाग फुलवली. पुढच्या वर्षी पालिकेने तो महिना एक डॉलर भाड्याने दिला. १९७८ मध्ये अशा बागांसाठी 'ग्रीनथंब' हा सरकारी कार्यक्रमही सुरू झाला.

एक डॉलर ऐकून आपण खूश होतो ना? पण करार तात्पुरते होते. शहराला गरज पडली की जागा परत द्यायची. जमिनीला भाव नव्हता तोवर हे कुणाला खुपलं नाही. भाव चढले, आणि १९९८ मध्ये महापौर जुलियानी यांच्या प्रशासनाने शेकडो बागा उद्यान खात्याकडून गृहनिर्माण खात्याकडे वळवल्या. झाडं तीच, माणसं तीच. कागदावर मात्र ती बांधकामाची जागा झाली. १९९९ मध्ये शंभरावर बागा लिलावात निघाल्या. लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी दोन संस्थांनी सुमारे ४२ लाख डॉलर देऊन त्या बागा वाचवल्या. त्यातली एक संस्था अभिनेत्री बेट मिडलर यांनी स्थापलेली.

पण घाईने खलनायक ठरवू नका. परवडणाऱ्या घरांची गरजही खरीच होती. म्हणून २००२ च्या तडजोडीत शेकडो बागांना संरक्षण मिळालं, काही जागा घरांसाठी गेल्या, आणि उरलेल्यांपैकी कुठलीही बाग हटवण्याआधी बागकऱ्यांना कळवून पर्यायी जागा सुचवायची असं ठरलं. २०१० मध्ये शहराने त्यासाठी नवे नियम केले.

यातून आपण काय घ्यायचं? कुठल्याही योजनेचा अभ्यास करताना उद्घाटनाच्या बातमीआधी करार संपवण्याचं कलम वाचा. जागा कोणत्या खात्याच्या नावावर आहे आणि ते नाव कधी बदललं, हे तारखेनिशी टिपा. 'रिकामी' हा शब्द दिसला, की तो कुणी आणि कधी लिहिला हे विचारा. तुमचा संशोधन-प्रश्न बहुतेक तिथेच सापडेल.