स्मार्टवॉच तब्येतीचं काय मोजतं, काय मोजत नाही. आणि चार्जिंग कधी करायचं?

ईदची भेट म्हणा, शादीतला नजराणा म्हणा, नाहीतर दहावी पास झाल्याचं बक्षीस. स्मार्टवॉच आता घरोघरी आलंय. दीड-दोन हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत किमती आहेत. खोक्यावर मात्र यादी सगळ्यांची सारखीच असते: हार्टरेट, ऑक्सिजन, बीपी, झोप, पावलं, आणि आता शुगरसुद्धा. यातल्या काही गोष्टी घड्याळ खरोखर मोजतं, काही अंदाजाने सांगतं, आणि एक तर त्याला मोजताच येत नाही.

हिरवा दिवा कशासाठी?

घड्याळ उलटं केलं की मागे हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसतो. त्यामागचं तत्त्व समजायला मुलांना हा प्रयोग करून दाखवा. अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर बोट ठेवा. बोट लालभडक दिसतं. टॉर्चच्या पांढऱ्या उजेडातला लाल भाग बोटातून पार होतो, हिरवा रक्तात शोषला जातो. हृदयाचा ठोका पडला की मनगटातलं रक्त क्षणभर वाढतं, हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो आणि परत येणारा कमी होतो. ही चढउतार शेजारचा छोटा सेन्सर टिपतो आणि त्यावरून मिनिटाला किती ठोके पडले हे काढलं जातं.

शांत बसलेल्या माणसाचे ठोके चांगल्या घड्याळात बऱ्यापैकी बरोबर येतात. पट्टा सैल असेल, हात थंड पडला असेल किंवा जोरात हलत असेल तर आकडा चुकतो. गडद टॅटूने प्रकाश अडतो, हे कंपन्या स्वतःच सांगतात. मेंदी मनगटापर्यंत गडद रंगली असेल तर घड्याळ थोडे दिवस दुसऱ्या हातात घाला, किंवा आकड्याकडे लक्षच देऊ नका. पावलं मोजणारा सेन्सर वेगळा, तो हाताची हालचाल ओळखतो. म्हणून भाकरी थापतानाही अम्मींची दोन-चारशे पावलं होऊन जातात!

ऑक्सिजनसाठी लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश लागतो. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. कोरोनाच्या काळात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आपण सगळ्यांनी पाहिला. त्यात प्रकाश बोटातून आरपार जातो. मनगटावर मात्र तो परत फिरून येतो, त्यामुळे काम अवघड होतं. शिवाय त्वचेच्या रंगाचाही फरक पडतो. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की कृष्णवर्णीय रुग्णांचा ऑक्सिजन कमी झालेला असताना रुग्णालयातल्या ऑक्सिमीटरकडून तो निसटण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. दम लागत असेल तर घड्याळात ९७ दिसतोय म्हणून घरी बसू नका.

ईसीजीची सोय ॲपलने २०१८ च्या सिरीज ४ पासून दिली, पुढे इतरांनीही आणली. दुसऱ्या हाताचं बोट घड्याळाच्या ठरलेल्या जागी ३० सेकंद ठेवायचं, म्हणजे दोन हातांमधून विजेचं वर्तुळ पूर्ण होतं. ठोक्यांची अनियमितता यात कळू शकते, आणि तो कागद डॉक्टरांना दाखवण्यासारखा असतो. पण ही एकच लीड आहे. दवाखान्यातला ईसीजी १२ लीडचा. हार्ट अटॅक घड्याळाला ओळखता येत नाही. ॲपल स्वतःच तसं लिहून देते. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, तर घड्याळ बघत बसायचं नाही, गाडी काढायची.

बीपी आणि शुगर: इथे सांभाळा

बीपी मोजायला दंडाला पट्टा बांधून हवा भरावी लागते. घड्याळात अशी हवा भरायची सोय नसेल तर तो आकडा प्रकाशावरून काढलेला अंदाज असतो. सॅमसंगच्या घड्याळात ही सोय आहे तिथेही दर २८ दिवसांनी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं. मग कधीच जुळवून न घेता दरवेळी १२०/८० दाखवणाऱ्या स्वस्त घड्याळाचं काय समजायचं? अब्बांनी तो आकडा पाहून गोळी बंद केली, असं होऊ देऊ नका. त्याच पैशांत दंडाचं डिजिटल मशीन येतं.

शुगरचं तर सरळच आहे. सुई न टोचता स्वतः रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला परवानगी दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. दंडावर चिकटवायचा सेन्सर वेगळा, त्याची बारीक तार त्वचेखाली जाते आणि घड्याळ फक्त त्याचा आकडा दाखवतं. आपल्यासाठी हे रमजानमध्ये जास्त महत्त्वाचं. रोजा असताना शुगर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असं मधुमेहाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आहे. खोट्या आकड्यावर भरवसा ठेवला तर माणूस असरच्या आधीच चक्कर येऊन पडेल. बोटातून थेंबभर रक्त काढून तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. मशीन घरात ठेवा, आणि रोजांबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला.

चार्जिंग आणि वजू

सेन्सरला पट्टा घट्ट हवा, वजूला पाणी कातडीपर्यंत पोहोचायला हवं. म्हणजे वजूच्या वेळी घड्याळ काढणं आलंच. मग तीच चार्जिंगची वेळ का करू नये? चार्जर वॉश बेसिनजवळ नको, कपाटावर किंवा टेबलावर, कोरड्या जागी ठेवा. वजूपासून मशिदीतून परत येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. ॲपलच्या बऱ्याच घड्याळांची बॅटरी साधारण १८ तास धरतात, आणि सिरीज ७ पासूनची घड्याळं त्यांच्या जलद चार्जरवर पाऊण तासात ८० टक्क्यांपर्यंत जातात. म्हणजे दिवसातून अशा दोन वेळा मिळाल्या तरी काम भागतं. आठवडाभर चालणाऱ्या घड्याळाला जुम्याची गुसल-नमाजची वेळ पुरते. मशिदीपर्यंतची पावलं मोजली गेली नाहीत म्हणून हळहळू नका, ती मोजणारा वेगळा आहे.

थोडं-थोडं चार्ज केल्याने बॅटरी खराब होते ही जुनी समजूत. लिथियम बॅटरीला ते चालतं. तिला नुकसान होतं ते उष्णतेने आणि सारखं शून्यावर नेल्याने. घड्याळ परत घालण्याआधी मनगट आणि मागची बाजू पुसून घ्या. ओलावा राहिला तर खाज सुटते, आणि ज्या घड्याळाला मागे धातूच्या पिना असतात त्या गंजतात. स्वस्त घड्याळ मोबाईलच्या फास्ट चार्जरला लावू नका. माहितीपत्रकात बहुधा ५ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलेलं असतं, तेवढाच ॲडॉप्टर वापरा.

झोप मोजायची असेल तर रात्री घड्याळ हातात हवं, म्हणून इशाच्या वेळी चार्ज करून घ्या. रमजानमध्ये तरावीहचा वेळ तर भरपूर असतो. सहरीचा अलार्म मनगटावर थरथरतो, शेजारी झोपलेलं लेकरू उठत नाही, हा फायदा मला तरी सगळ्यात मोठा वाटतो.

हज-उमराहला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: सफा-मरवाच्या सात फेऱ्या मिळून साधारण तीन किलोमीटर होतात. जीपीएस चालू ठेवलं तर बॅटरी लवकर उतरते, ते बंद ठेवा. ॲपलचं साधं घड्याळ ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचं म्हणून बनवलंय, आणि मक्केत २०२४ च्या हजला पारा ५० च्या वर गेला होता. तापलेलं घड्याळ चार्ज व्हायचं थांबतं. तंबूतल्या सावलीत, पॉवर बँकेवर, ते थंड झाल्यावरच लावा.