एक रुपया रोज

सॅलरी स्लिप आली की आपण सगळे थेट खालचा आकडा बघतो. त्याच्या वर कुठेतरी एक ओळ असते, प्रोफेशनल टॅक्स २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २५००. इन्कम टॅक्ससमोर ही रक्कम म्हणजे चिल्लरच, त्यामुळे हा टॅक्स नक्की कशासाठी, हे नोकरीला लागल्यापासून मी कधी विचारलंच नव्हतं.

मध्यंतरी आमच्या टीममधल्या दोघांना नारळ मिळाला. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये अर्थातच तोच विषय. कोणीतरी म्हणालं, "जर्मनीत बघ, नोकरी गेली तर सरकार भत्ता देतं. आपल्याकडे कसला कायदा नि कसलं काय!" सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा. मग शनिवारी वाचायला बसलो आणि कळलं, की कायदा होता. शहरातल्या आपल्यासारख्यांसाठी नव्हे, खेड्यातल्या मजुरांसाठी. पण बेकारी भत्ता हा शब्द महाराष्ट्राच्या कायद्यात १९७९ पासून अंमलात होता. आणि तो ज्या योजनेचा भाग होता, तिचा खर्च भागवायला १९७५ साली जो कर बसवला, तोच हा आपला प्रोफेशनल टॅक्स!

ही योजना म्हणजे रोजगार हमी. आमच्या घरात तिला 'रोहयो' वगैरे कोणी म्हणत नसे, आजी नुसतं 'हमीचं काम' म्हणायची. आमचं गाव भांडगाव, दौंड तालुक्यातलं. सोलापूर हायवेनं निघालं की यवतच्या पुढे लागतं. आज तालुक्यात ऊस दिसतो, पण आजीच्या गोष्टी बहात्तरच्या दुष्काळाच्या. खडी फोडायला जायचं, सुकडी खायची, मिलोच्या लाल भाकरी करायच्या. या गोष्टी बहुतेक घरांत ऐकायला मिळतात. आजीच्या गोष्टीत मात्र आणखी एक वाक्य हमखास असायचं. "काम केलं, पर मोजमाप व्हायचं ऱ्हायलं." मोजमाप नाही म्हणजे पैसे नाहीत. तोवर दुकानदाराकडे उधारी. खडीपेक्षा त्या वाट बघण्याचाच तिला जास्त राग होता.

आता जरा इतिहास. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. गावातल्या माणसाला गावाजवळच काम द्यायचं, ही कल्पना त्यांनी साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात करून बघितली. १९७२ मध्ये वसंतराव नाईकांच्या सरकारनं ती राज्यासाठी घेतली, आणि तेवढ्यात दुष्काळ पडला. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते. दुष्काळ सरला, पण सरकारी कामावर माणसं जगू शकतात हे सगळ्यांनी पाहिलं होतं. १९७७ साली विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा एकमतानं मंजूर केला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा शहरातल्या पगारदारांच्या खिशातून, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारची.

कायद्यातली खरी गंमत पुढेच आहे. काम मागितल्यावर १५ दिवसांत मिळालं नाही, तर मजुराला बेकारी भत्ता. किती? दिवसाला निदान एक रुपया. रक्कम हास्यास्पद वाटते, तेव्हाही कमीच होती. पण तो रुपया मजुराचं पोट भरण्यासाठी नव्हताच मुळी. तो सरकारला बसणारा दंड होता. एक रुपया दिला, म्हणजे आपण काम देऊ शकलो नाही हे कागदावर कबूल केलं.

आणि म्हणूनच तो क्वचितच कोणाच्या हातात पडला.

हे कसं होतं, ते आपल्या लोकांना चटकन कळेल. सपोर्ट टीमचा नियम असतो, टिकेट उघडल्यापासून इतक्या तासांत उत्तर. मग चलाख टीम काय करते? टिकेटच उघडत नाही. "मेल नको, फोन कर, बघतो." काम झालं की मग टिकेट उघडायचं आणि लगेच बंद करायचं. रिपोर्ट एकदम हिरवागार! रोजगार हमीत १५ दिवसांचं घड्याळ सुरू होतं ते अर्जाच्या तारखेपासून, आणि त्या तारखेचा पुरावा म्हणजे पोच पावती. तोंडी मागणी केली, पावती मिळालीच नाही, तर घड्याळ सुरूच झालं नाही. त्यातून काम सुरू व्हायला साधारण ५० मजूर जमायला हवेत, ही अट वेगळीच.

२००५ साली हीच कल्पना देशभर गेली. मनरेगा म्हणून आपण जो कायदा ओळखतो, त्यात भत्ता वाढवला. पहिले ३० दिवस मजुरीच्या निदान एक चतुर्थांश, पुढे निदान निम्मा. फक्त मेख अशी, की अंगमेहनतीची मजुरी केंद्र देणार आणि बेकारी भत्ता राज्यानं स्वतःच्या तिजोरीतून द्यायचा. मग पावती द्यायची हौस कोणाला असणार? बऱ्याच ठिकाणी काम तयार झाल्यावरच मागणी कॉम्प्युटरमध्ये चढायची. टिकेटची तीच गोष्ट.

आता आजीच्या तक्रारीकडे येतो, काम झालं पण पैसे नाहीत. मनरेगात त्यालाही उत्तर होतं. मजुरी १५ दिवसांत, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ०.०५ टक्के भरपाई. २०२५-२६ चा महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये. सहा दिवसांची मजुरी १८७२, म्हणजे दिवसाला साधारण ९४ पैसे. महिनाभर उशीर झाला तर २८ रुपये. दुकानदार उधारीवर याच्यापेक्षा जास्त लावेल.

आणि हे २८ रुपये तरी मिळायचे का? सॉफ्टवेअर उशीर मोजायचं ते पैसे पाठवण्याचा आदेश निघेपर्यंतच. आदेश निघाल्यावर दिल्लीहून खात्यात पैसे यायला जितके आठवडे लागतील, ते हिशोबातच नव्हते. म्हणजे मजुराचे हात रिकामे आणि स्क्रीनवर 'वेळेत'. मे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं या विभागणीवर ठपका ठेवला. उशीर राज्याचा की केंद्राचा, याच्याशी मजुराला कर्तव्य नाही, त्याला पंधरवड्यात मजुरी मिळाली पाहिजे, असा त्याचा मथितार्थ.

हे वाचून मी जरा गप्प झालो. कारण तो कोड आपल्यासारख्याच कोणीतरी लिहिला असणार. रिक्वायरमेंटमध्ये आदेशाची तारीख दिली होती, त्यानं ती घेतली, टेस्ट पास झाली. मीही तेच केलं असतं. मजुरासाठी उशीर कुठे संपतो, हा प्रश्न मीटिंगमध्ये कोणी विचारला असेल, असं वाटत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. १०० दिवसांचे १२५ झाले, बेकारी भत्ता त्यातही आहे. चर्चा सगळी दिवसांच्या आकड्यावर झाली. मी मात्र आता दोनच गोष्टी बघणार. घड्याळ कधी सुरू होतं आणि कधी थांबतं. अर्ज केल्या दिवशी तारखेची पावती, आणि उशीर मोजायचा तो पैसे हातात पडेपर्यंत. हे दोन्ही नसेल, तर मधला हक्क कितीही मोठा लिहा, तो कागदावरच राहणार.

आजी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. बेकारी भत्ता असं काही असतं, हे तिला कधी कोणी सांगितलंच नाही. आणि माझ्या पगारातून दर महिन्याला २०० रुपये का कापले जातात, हे मला माहीत नव्हतं. एकाच घरातली आम्ही दोन माणसं, एकाच कायद्याच्या दोन टोकांना. असो.