काला (वारकरी संप्रदाय)

काला हा वारकरी संप्रदायातील सामुदायिक प्रसादाचा विधी आहे. अखंड हरिनाम सप्ताह, संतांच्या पुण्यतिथ्या आणि पंढरपूरची वारी यांची सांगता काल्याने होते. लाह्या, पोहे, दही, लोणचे इत्यादी पदार्थ एकत्र कालवून तो सर्वांना वाटला जातो. यालाच गोपाळकाला असेही म्हणतात. 'कालवणे' या क्रियापदाशी या शब्दाचे नाते आहे.

कथा

भागवताच्या दशम स्कंधात यमुनेच्या काठी श्रीकृष्ण आणि गोपाळ आपापल्या घरून आणलेले अन्न एकत्र बसून खातात, असा प्रसंग आहे. कीर्तनपरंपरेत हा प्रसंग अधिक विस्ताराने सांगितला जातो. कोणाची शिदोरी शिळी, कोणाची ताजी. कृष्ण त्या सर्व एकत्र करतो आणि स्वतःच्या हाताने प्रत्येकाला वाटतो. काल्याचे उष्टे कण मिळावेत म्हणून देव मासे होऊन यमुनेत आले, अशीही कथा सांगतात. अन्न देव देतो, परंतु ते सर्वांपर्यंत पोहोचते वाटण्यातून, असा या कथेचा आशय आहे.

स्वरूप

सप्ताहाच्या अखेरच्या दिवशी काल्याचे कीर्तन होते. त्यात कृष्णाच्या बाललीलांचे अभंग निरूपणासाठी घेतात. त्यानंतर दहीहंडी फोडून काला वाटतात. आषाढी वारीचा काला आषाढ पौर्णिमेस पंढरपूरजवळील गोपाळपूर येथे होतो. तेथे वारकरी एकमेकांना काला भरवतात व त्यानंतर पालख्या परतीच्या प्रवासास निघतात. पैठण येथे नाथषष्ठीच्या उत्सवाची सांगताही काल्याने होते. ठाणे जिल्ह्यात कल्याण परिसरातील आगरी-कोळी गावांतही हरिनाम सप्ताहांची परंपरा आहे.

सामुदायिक व्यवस्था

सप्ताहातील अन्नदान गावाच्या वर्गणीतून आणि धान्यातून चालते. ज्याची जेवढी ऐपत, तेवढा त्याचा वाटा. पंगतीत मात्र वाढताना वर्गणी पाहिली जात नाही. गोदावरीकाठच्या सरला बेट येथील गंगागिरी महाराजांच्या परंपरेतील सप्ताहात परिसरातील गावे घरोघरी भाकरी भाजून पाठवतात व त्या आमटीबरोबर वाढल्या जातात. वारीच्या दिंडीत सामाईक जेवणखर्चासाठी वारकऱ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या रकमेस 'भिशी' म्हणतात.

सामाजिक आशय व मर्यादा

काल्यात कोणाचा घास कोणता हे ओळखता येत नाही. त्यामुळे जातिभेद विसरण्याचे प्रतीक म्हणून त्याकडे पाहिले जाते. व्यवहार मात्र दीर्घकाळ या आदर्शापासून दूर राहिला. संत चोखामेळा यांना विठ्ठलमंदिरात प्रवेश नव्हता; त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात आपल्या दिंडीतील ब्राह्मण व मराठा वारकरी एकत्र चालत असूनही वेगळे जेवत, हे वेदनेने नोंदवले आहे. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. त्यानंतर मंदिर सर्वांसाठी खुले झाले. पंगत एक असल्याखेरीज काल्याचा अर्थ पूर्ण होत नाही, हा प्रश्न या घटनांमुळे संप्रदायासमोर ठळकपणे आला.

हेही पाहा

वारी, दहीहंडी, लंगर, महाप्रसाद