द्राक्षमद्याची पारख

पारख हा शब्द मराठींत सोन्यासाठीं वापरतात, तसाच गाण्यासाठींही वापरतात. सोन्याला कसोटीचा दगड असतो. गाण्यासाठीं मात्र कानच तयार करावा लागतो. द्राक्षमद्याची, म्हणजे ज्याला आपण वाइन म्हणतों त्या पेयाची, पारख या दोहोंपैकीं कोणत्या जातीची? बाटलीवरील नांव, साल आणि किंमत वाचून ती होते, कीं जिभेला व नाकाला वळण लावून? या विषयांत नव्यानें प्रवेश करणाऱ्यास हा प्रश्न पहिल्याच दिवशीं अडवितो, आणि त्याचा उलगडा, आमच्या मतें, इतिहासांतच सांपडतो.

बूच काढल्यावांचून बाटलींतील माल कळत नाहीं, ही या व्यापाराची मूळची अडचण. म्हणून गिऱ्हाइकाला नांवाचा आधार घ्यावा लागतो. हा प्रघात फार जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या प्रकरणीं द्राक्षरसाच्या मद्यास मधु म्हटलें असून, कापिशायन व हारहूरक हीं त्याचीं नांवें उत्पत्तीच्या देशावरून पडलीं असें सांगितलें आहे. युरोपांत पुढें प्रदेशाच्या नांवावरून एकेका मळ्याच्या नांवापर्यंत मजल गेली. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पेपिस यानें १० एप्रिल १६६३ रोजीं तेथील एका पानगृहांत एक फ्रेंच मद्य घेतलें. तें बोर्दो शहरालगतच्या ओ-ब्रियों या मळ्याचें होतें. नांव लिहितांना त्याचे वर्ण चुकले; पण आजवर चाखलेल्या कोणत्याही मद्याहून याची चव निराळी व चांगली आहे, ही नोंद त्यानें बिनचूक केली. त्याच्या हातीं कोणतीही यादी नव्हती. आधीं चव पटली आणि मग नांव लक्षांत राहिलें, हा तेथला क्रम होता.

पुढें हा क्रम उलटला. १८५५ सालीं पॅरिस येथें मोठें जागतिक प्रदर्शन भरलें. त्यांत बोर्दोचीं मद्यें मांडावयाचीं म्हणून तेथील व्यापारी मंडळानें दलालांच्या संघाकडे प्रतवारी मागितली. दलालांनीं त्यासाठीं मुद्दाम परीक्षा घेतली नाहीं. मळ्यांना बाजारांत वर्षानुवर्षें काय दर मिळत आले आहेत हें पाहून १८ एप्रिल रोजीं त्यांनीं यादी देऊन टाकली. तांबड्या मद्यांच्या पांच श्रेणी झाल्या. पहिल्या श्रेणींत लाफित, मार्गो, ओ-ब्रियों आणि लातूर हे चार मळे बसले. (हें लातूर मराठवाड्यांतील नव्हे!) दर हेंही अनेकांच्या अनुभवाचें सारच असतें, तेव्हां ही यादी निराधार होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एका वर्षाच्या प्रदर्शनासाठीं केलेलें हें टांचण पुढें जणुं धर्मशास्त्र होऊन बसलें. पहिल्या श्रेणींत बदल व्हावयास १९७३ साल उजाडलें. त्या वर्षीं मूतों-रोत्शिल्ड हा मळा दुसरींतून पहिलींत चढला.

मध्यंतरीं नांवाची खरी किंमत निराळ्याच संकटानें पटवून दिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फायलोक्सेरा नांवाची बारीक कीड अमेरिकेंतून आली आणि तिनें फ्रान्समधील द्राक्षवेलींचीं मुळें पोखरलीं. अमेरिकन मुळांवर फ्रेंच वेलींचीं कलमें बांधून अखेरीस मळे वांचले. पण तोंपर्यंतच्या टंचाईंत बेदाणे व साखरपाणी यांपासून केलेला मालही मद्य म्हणून खपूं लागला. भाव कोसळले आणि १९०७ सालीं दक्षिण फ्रान्सचे बागाइतदार लाखोंच्या संख्येनें रस्त्यावर आले. नार्बोन येथें सैन्याच्या गोळ्यांनीं माणसें मेलीं. या अनुभवांतून कायदे झाले आणि १९३५ सालीं प्रदेशनामांची राष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली. अमुक नांव लावावयाचें तर द्राक्षें अमुक सीमेंतील, अमुक जातीचीं असावींत, असे नियम ठरले. म्हणजे बाटलीवरील नांवामागें शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे. तें नांव उगमाची हमी देतें. तें मद्य आपल्याला आवडेल, ही हमी देण्याचें सामर्थ्य मात्र त्यांत नाहीं.

ही मर्यादा जगापुढें आली ती २४ मे १९७६ रोजीं. स्टीव्हन स्पुरियर या पॅरिसवासी इंग्रज व्यापाऱ्यानें नामांकित फ्रेंच मद्यें आणि तेव्हां फारशीं कोणास ठाऊक नसलेलीं कॅलिफोर्नियाचीं मद्यें यांची, नांवें झांकून, परीक्षा ठेविली. ज्यांचे गुण मोजले गेले ते नऊही परीक्षक फ्रेंच व या विषयांतले अधिकारी होते. एकानें तर कॅलिफोर्नियाचा घोट घेऊन आपण पुनः फ्रान्समध्यें आलों, अशा अर्थाचे उद्गार काढले! पांढऱ्या व तांबड्या दोन्ही प्रकारांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाला मिळाला. पुढें २००१ सालीं बोर्दोच्याच संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत पांढऱ्या मद्यास तांबडा रंग देतांच चाखणाऱ्यांनीं त्याचें वर्णन तांबड्या मद्याच्या शब्दांत केलें. डोळ्यांनीं आधींच निकाल दिला कीं नाक व जीभ त्याला मान डोलावतात, हें मनुष्यस्वभावाचें दुबळेपण आहे. अधिकारी म्हणविणारेही त्यांतून सुटले नाहींत. मग नवशिक्यानें संकोच कां मानावा?

त्यानें करावें तें एवढेंच. एकाच वेळीं दोन-तीन मद्यें शेजारी शेजारी ठेवावीं, नांवें कागदानें झांकावीं, आणि लहान घोट घेऊन तुलना करावी. आंबटपणा किती, गोडवा आहे कीं नाहीं, हिरड्या आवळणारा तुरटपणा कितपत, गंध कशाचा, आणि घोट गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते, हें स्वतःच्या शब्दांत टिपून ठेवावें. यासाठीं न पाहिलेल्या विलायती फळांचीं नांवें घोकण्याचें कारण नाहीं. तुरट या रसाला ज्या भाषेंत घरगुती नांव आहे, आणि जांभूळ, करवंद, चिंच हीं ज्यांच्या ओळखीचीं आहेत, त्यांची भाषा या कामीं अपुरी पडणार नाहीं. आतां नाशिकच्या परिसरांतही द्राक्षमद्य होतें, तेव्हां सरावासाठीं दूर जावयास नको. पुष्कळ दिवसांचे परीक्षक चाखलेला घोट थुंकून टाकतात. पारख आणि पान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें त्यावरून उघड व्हावें. मद्य मुळींच न घेणाऱ्यास तें घेण्याचा आग्रह आम्ही करीत नाहीं, आणि व्यसनानें मोडलेलीं घरें आम्हीं पाहिलेलीं आहेत.

यादी, श्रेणी, किंमत यांचा त्याग करावा असें मात्र नव्हे. अनोळखी गांवीं वाटाड्या लागतोच. पण गांव पाहावयाचें तें आपल्या डोळ्यांनीं. झांकलेल्या पेल्यांतील स्वस्त मद्य आपल्याला अधिक आवडलें, तर तें तसें सांगण्याचें धैर्य अंगीं येणें, ही रसिकतेची पहिली पायरी होय. काव्य, गायन आणि चित्रकला यांतही या पायरीवांचून वर जातां येत नाहीं.