मोटारसायकल : ओल्या रस्त्यावरील ब्रेक

दुचाकी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. कोरड्या डांबरावर घर्षणगुणांक साधारण ०.८ असतो, ओल्यावर तो ०.४ पर्यंत उतरू शकतो. त्यामुळे ताशी ५० किमी वेगात ब्रेक लागल्यापासूनचे थांबण्याचे अंतर सुमारे १२ मीटरवरून २५ मीटरवर जाते. पहिल्या पावसात धूळ व तेलाचा निसरडा थर तयार होतो. रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणे तर पावसाळाभर घातक असतात.

ब्रेक लावताना वजन पुढे सरकते, म्हणून पुढचा ब्रेक अधिक परिणामकारक असतो. पाऊस आहे म्हणून तो टाळावा ही रूढ पण चुकीची समजूत होय. गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाब वाढवत लावावेत. चाक जखडल्यास तोल जातो. एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम) हे जखडणे रोखते, पण घर्षण वाढवत नाही. भारतात १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे.

ड्रम ब्रेकमध्ये पाणी शिरल्यास पकड घटते. मंद वेगात ब्रेक हलका दाबून तो वाळवावा. डिस्कवर वंगण उडू देऊ नये. डॉट ३ व डॉट ४ ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे ऑइलचा उत्कलनबिंदू उतरतो. ते साधारण दर दोन वर्षांनी बदलावे. पॅड, लायनर, केबल आणि टायरची नक्षी पावसाळ्यापूर्वीच तपासून घ्यावी.