करिअर अँड आइव्हज : गावाचे गोड चित्र आणि त्यातला कृष्णवर्णीय माणूस

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील घरांच्या भिंतींवर जी स्वस्त छापील चित्रे लागली, त्यातली असंख्य चित्रे न्यूयॉर्कच्या 'करिअर अँड आइव्हज' या कंपनीची होती. नॅथॅनिएल करिअर यांच्या छापखान्यात १८५७ मध्ये जेम्स आइव्हज भागीदार झाले. १९०७ मध्ये कंपनी बंद पडली, तोवर सात हजारांहून अधिक चित्रे निघाली होती. चित्र दगडावरून काळ्या शाईत छापायचे आणि रांगेत बसलेल्या बायकांनी एकेक रंग भरत पुढे सरकवायचे, अशी पद्धत. लहान चित्र काही सेंटांत मिळे.

खेड्यातले जीवन हा त्यांचा हमखास खपणारा विषय. १८६७ च्या 'होम टू थँक्सगिव्हिंग'मध्ये बर्फातले शेतघर आहे, सुखी गोरे कुटुंब आहे. कृष्णवर्णीय माणूस दिसतो तो दक्षिणेतल्या चित्रांत. फॅनी पामर यांच्या १८६८ च्या 'लो वॉटर इन द मिसिसिपी'मध्ये नदीकाठच्या झोपडीसमोर तो बँजोच्या तालावर नाचतो आहे. गुलामी कायद्याने संपून जेमतेम तीन वर्षे झाली होती. पण चित्रात ना घाम, ना मजुरी, ना जमिनीचा प्रश्न. 'ते तसेच आनंदी असतात' हा समज अशा देखण्या चित्रांनीच घट्ट केला, असे आम्हाला वाटते. उघड शिवी निदान ओळखू तरी येते!

उघड शिवीही याच कंपनीने विकली. 'डार्कटाउन कॉमिक्स' या मालिकेत थॉमस वर्थ आणि इतर चित्रकारांनी मुक्त झालेले लोक बेढब ओठांचे, प्रत्येक कामात फजिती होणारे दाखवले. १८८० च्या दशकात ही चित्रे जोरात खपली. नागरी हक्कांचा १८७५ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला, ते साल १८८३.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकनांना. त्याच्या आदल्याच वर्षी या कंपनीने पहिल्या कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधींचे सन्माननीय समूहचित्र काढले होते. वारे फिरले तसा मालही फिरला.

फ्रेडरिक डग्लस यांनी १८४९ मध्येच लिहिले होते की गोऱ्या चित्रकारांच्या हातून आपले निःपक्ष चित्र होणे जवळपास अशक्य आहे. १८७० मध्ये बॉस्टनच्या लुई प्रँग यांनी सिनेटर हायरम रेव्हल्स यांचे रंगीत छापील चित्र काढले. ते पाहून डग्लस यांनी प्रँग यांना पत्र लिहून मनापासून दाद दिली.