उमेदवारी : हिशेबनिसांच्या शिक्षणाचा मागोवा

‘उमेदवार’ हा शब्द आज आपल्या कानी पडतो तो निवडणुकीच्या किंवा मुलाखतीच्या निमित्ताने. फारसीत ‘उमेद’ म्हणजे आशा. तेव्हा उमेदवार म्हणजे आशेवर असलेला मनुष्य. जुन्या मराठीत या शब्दाला अधिक नेमका अर्थ होता. पुढे जागा मिळेल या आशेवर कचेरीत वा पेढीवर विनावेतन राबणारा आणि राबता राबता काम शिकणारा तरुण, तो उमेदवार. महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या अनेक मराठी कुटुंबांची पहिली भाकर हिशेबाच्या कामावरच भाजली गेली आहे. म्हणूनच मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी ग्रंथात, ही विद्या पिढ्यान् पिढ्या कशी शिकविली गेली व तिची किंमत कोणी मोजली, याचा थोडा मागोवा घ्यावा असे आम्हांस वाटले.

या विद्येचे मूळ आपल्याकडे देवगिरीपर्यंत जाऊन पोहोचते. तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, हा श्रीकरणाधिप, अर्थात राज्याच्या दफ्तराचा प्रमुख होता. मोडी लिपीचे जनकत्व परंपरा त्याच्याकडे देते. दफ्तरी लेखनाचे नियम सांगणाऱ्या ‘मेस्तक’ नामक ग्रंथांशीही त्याचे नाव निगडित आहे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत जमाखर्च तपासण्याचे काम अमात्याकडे होते. पेशवाईत ही व्यवस्था पूर्णत्वास गेली. दिवसाची नोंद रोजकीर्दीत, तिची खातेवार मांडणी खतावणीत, गोषवारा तेरजेत आणि अखेर ताळेबंद, असा हा क्रम होता. पुण्याच्या हुजूर दफ्तराच्या ‘चालते दफ्तर’ व ‘एक बेरीज दफ्तर’ या दोन शाखांतून साऱ्या राज्याचा हिशेब फिरत असे.

या दफ्तरात विद्यालय नव्हते आणि परीक्षाही नव्हती. मुलगा वडिलांच्या किंवा चुलत्याच्या मांडीशी बसून अक्षर वळवी, नकला करी, बेरजा ताडून पाही. खुद्द नाना फडणीस वडिलांच्या निधनानंतर पोरवयातच घराण्याच्या फडणिशीवर आले आणि कामातूनच घडले. पुढे याच नानांच्या करड्या नजरेखाली दफ्तराची शिस्त कळसास पोहोचली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती इजाऱ्याने, म्हणजे जो अधिक रक्कम कबूल करील त्याला देण्याचा प्रघात पडला आणि दफ्तराची आबाळ झाली. यात नवल नाही. सरकारास ठोक रकमेशीच कर्तव्य उरले, तेव्हा तपशील विचारणारा कोणी राहिला नाही. आणि जेथे हिशेब विचारणारा नसतो तेथे हिशेब शिकणाराही फार काळ टिकत नाही.

इंग्रजी अंमलात कचेऱ्या वाढल्या, परंतु उमेदवारीची रीत बराच काळ तीच राहिली. उमेदवाराचे भांडवल म्हणजे वळणदार मोडी आणि तोंडपाठ उजळणी. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पई, अशा एकशे ब्याण्णव पईंच्या रुपयात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी व औटकी मुखोद्गत असल्यावाचून व्याज किंवा बट्टा काढणे दुरापास्तच होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चलनात आली आणि या पाढ्यांचे व्यवहारातील प्रयोजन हळूहळू संपले.

१८६० हे वर्ष या इतिहासात दुहेरी महत्त्वाचे होय. सत्तावनच्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठी जेम्स विल्सन यांनी त्या वर्षी हिंदुस्थानात आयकर आणला आणि त्याच वर्षी एडमंड ड्रमंड हे पहिले ऑडिटर जनरल झाले. कर आणि लेखापरीक्षण ही दोन्ही दालने अशी जवळजवळ एकदमच उघडली. १८८६ च्या आयकर कायद्याने कर हा कायमचा झाला आणि वार्षिक पाचशे रुपयांचे उत्पन्न असणाराही त्याच्या कक्षेत आला.

येथे एका थोर उमेदवाराचे स्मरण करणे अगत्याचे आहे. गोपाळ कृष्ण गोखले हे गणिताचे अध्यापक; राज्याचे जमाखर्च वाचण्याची विद्या त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांच्यापाशी एका तपाहून अधिक काळ आत्मसात केली. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी सरकारी अहवाल चाळणे व आकडे पडताळणे ही त्यांची उमेदवारीच होती. तिचे फळ १९०२ च्या अंदाजपत्रकावरील त्यांच्या भाषणात दिसले. सरकार ज्या शिलकेची प्रौढी मिरवीत होते, ती रयतेच्या समृद्धीतून नव्हे, तर चलनाच्या धोरणातून व चढ्या करांतून आलेली आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. १९०३ मध्ये मिठावरील कर उतरला आणि आयकराची मर्यादा पाचशेवरून एक हजार रुपयांवर गेली. हिशेब वाचता येणे ही केवळ पोटाची विद्या नव्हे, हे यावरून ध्यानी यावे.

खासगी व्यवसायाचा मार्ग याच सुमारास आखला जात होता. १९१३ च्या कंपनी कायद्याने हिशेबतपासनिसाला प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. प्रांतिक सरकारे देत असलेले मर्यादित प्रमाणपत्र त्या प्रांतापुरते आणि त्यात नमूद केलेल्या भाषेपुरतेच चाले. देशी भाषेत वह्या तपासणाऱ्याला कायद्याने दिलेली ही मान्यता अल्पायुषी ठरली; १९२० मध्ये ही प्रमाणपत्रे देणे बंद झाले. तत्पूर्वी १९१८ मध्ये मुंबईस ‘गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकौंटन्सी’, म्हणजेच जी.डी.ए., सुरू झाला होता. मान्यताप्राप्त हिशेबनिसाकडे तीन वर्षे ‘आर्टिकल्ड क्लार्क’ म्हणून काढावयाची आणि परीक्षा उत्तीर्ण व्हावयाचे, अशी त्याची अट होती. पुढे १ जुलै १९४९ पासून चार्टर्ड अकौंटंट्स कायदा अमलात आला व व्यवसायाचे नियमन स्वतंत्र संस्थेकडे गेले.

उमेदवारीला कायद्याची चौकट लाभली, परंतु किंमत चुकली नाही. शिकविणाऱ्याला ‘प्रीमियम’ देण्याची विलायतेतील चाल करारनाम्याबरोबर येथेही आली. मुलाने वर्षानुवर्षे वेतनावाचून राबावयाचे आणि वर बापाने रक्कम मोजावयाची! पुढे ही चाल नियमाने बंद झाली व विद्यावेतन देणे बंधनकारक झाले. परंतु तोवर कित्येक हुशार मुले केवळ ऐपतीअभावी उंबऱ्यावरूनच परतली. भिक्षुकाच्या, प्राथमिक शिक्षकाच्या किंवा लहान शेतकऱ्याच्या मुलाला पहिल्या महिन्यापासून घरी मनिऑर्डर करणे भाग असे. अशा मुलांनी निवडली ती महालेखापालांची, रेल्वेची, पोस्टाची आणि आयकराची कचेरी. आमच्या पिढीतील अनेकांची वाटही तीच. मराठी माणूस ग्वाल्हेर, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता येथे लेखाखात्यांत आढळतो, त्यामागे साहसाइतकीच ही गरजही आहे.

कचेरीतील उमेदवारी पगारी होती, पण सोपी नव्हती. कारकुनापुढे अधीनस्थ लेखा सेवेची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एस.ए.एस. परीक्षा असे. तिच्या काही प्रश्नपत्रिका नियमपुस्तके जवळ ठेवून सोडवावयाच्या असत. ऐकणाऱ्यास ही चैन वाटेल. परंतु कोणता नियम कोठे आहे हे ठाऊक नसलेल्याला पुस्तक तारीत नाही. दिवसा व्हाउचरे तपासणे, कागद उभा दुमडून एका बाजूस आक्षेप व दुसऱ्या बाजूस उत्तर अशी ‘हाफ मार्जिन’ लिहिणे, आणि रात्री अभ्यास, अशी वर्षे जात. नवख्याला प्रथम कळे ते एवढेच, की बेरीज जुळणे म्हणजे हिशेब खरा असणे नव्हे. पैसा कोणी मागितला, कोणी मंजूर केला आणि कोणाच्या हाती पडला, या तीन प्रश्नांपाशी कागद थांबविण्याचे धैर्य त्याला परीक्षेतून नव्हे, शेजारच्या टेबलावरील वडीलधाऱ्यांकडून मिळे.

प्रत्यक्ष करांच्या अधिकाऱ्यांसाठी १९५७ मध्ये नागपूर येथे प्रशिक्षण महाविद्यालय निघाले. तेच आजचे राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी होय. देशभरातील नवे कर-अधिकारी आपले पहिले धडे गिरविण्यास मराठी मुलखात येतात, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे.

आता काळ पुष्कळ बदलला आहे. बेरजा यंत्रे करतात. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवा कायदा संमत केला. २०२३ पासूनच्या नव्या योजनेत चार्टर्ड अकौंटंटची उमेदवारी दोन वर्षांवर आली आहे. अवधी घटला याचा खेद मानण्याचे कारण नाही. वेतनाविना लांबलेली वर्षे हा काही गुण नव्हता. जपावयाची ती जाणत्याच्या शेजारी बसून शिकण्याची रीत. आपल्या मंडळात निवृत्त लेखाधिकारी आहेत, व्यवसायात असलेले हिशेबतपासनीस आहेत आणि परीक्षांना बसणारी मुले-मुलीही आहेत. यांपैकी पहिल्या दोहोंनी आठवड्यातील एक संध्याकाळ तिसऱ्यांस दिली, तर कोणा होतकरू मुलास ऐपतीअभावी उंबऱ्यावरून परतावे लागणार नाही. पन्नास वर्षांच्या ताळेबंदात जमेच्या बाजूस मांडण्याजोगी याहून चांगली रक्कम आम्हांस तरी दिसत नाही.